टोरीच्या मलमाची डबी

मी एक पितळेची डबी बोलतेय. आकाराने लिंबाएवढी, झाकणाला एका बाजूने पोचा आलेला. पाहुणे मला कुंकवाची डबी समजतात. एके काळी मी तशीच काहीशी होते. रुखमाने मला वडशाच्या बाजारात घेतलं, ते कुंकवाखाली लावायचं मेण ठेवायला. पुढे तिला मुलगा झाला. अंगावर पाजताना स्तनाग्रांना चिरा पडल्या आणि त्याच मेणाचं मलम झालं. तेव्हापासून माझा नि कुंकवाचा संबंध तुटला. त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. टोरीचं तेल रुखमा निखाऱ्यांवर कोमट करायची, त्यात मधाच्या पोळ्याचं मेण किसून घालायची, विरघळलं की जुन्या लुगड्याच्या धुवट फडक्यातून गाळून माझ्यात ओतायची. ढवळताना ती कुणाशी बोलायची नाही. बोललं की मलम फाटतं म्हणे. मलम असं फाटत नसतं, पण मला कोण विचारतो?

गावात कुणी बाळंत झाली की माझी रवानगी तिच्या घरी. किती घरं पाहिली मी! ओठ दाबून पाजणाऱ्या आया पाहिल्या, आणि दोन-चार दिवसांनी त्याच बायका पाजता पाजता डुलक्या घेताना पाहिल्या. बाळांच्या टाळूचा तो तेलकट वास मला अजून आठवतो. आता मेडिकलमध्ये ट्यूब मिळते. चांगली असेलही. पण ते दिवस आठवले की मला फार भरून येतं.

रुखमा गेली आणि मी तिच्या सुनेकडे, इंदिराबाईकडे आले. या घरचा धंदा तलावावरच्या मासेमारीचा. इंदिराबाई कामाला वाघीण आणि जिभेला तिखट. मलम मात्र मन लावून करायची. आधी राखेने हात घासायची, मग तेलाला हात लावायची.

तिची सून भाग्यश्री. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली, दिव्यानी. ऐन उन्हाळा होता. तलाव आटले की भरपूर मासळी निघते. अंगणभर मासे वाळत घातलेले, घरभर तोच वास. पाजताना भाग्यश्रीच्या डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून इंदिराबाईने घाईघाईत मलम करून माझ्यात भरलं.

ते तेल माझ्या अंगाला लागलं आणि मी हादरले. ते टोरीचं नव्हतंच, करंजाच्या बियांचं होतं. चिखलापाण्यात उभं राहून पायांना चिखल्या होतात, त्यावर लावायचं ते कडूजहर तेल. दोन्ही बाटल्या सारख्याच, एकाच आडोशाला ठेवलेल्या. थंडीत टोरीचं तेल तुपासारखं थिजतं, करंजाचं थिजत नाही, म्हणून चूक होत नाही. उन्हाळ्यात दोन्ही पातळ. वासावरून कळलं असतं, पण मासळीपुढे इंदिराबाईचं नाक काही कामाचं राहिलं नव्हतं.

दिव्यानीने तोंड लावलं आणि फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. रडून रडून लाल झाली. भाग्यश्री पुसायची, वर पुन्हा मलम लावायची. मी तिच्या उशाशी. मला तोंड असतं तर!

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी इंदिराबाई बोललीच, "तुह्या अंगाले दूधच नाई वो. पोरगी काऊन उपाशी मारून राह्यली?"

धनराज, तिचा नवरा, दुधाच्या पावडरचा डबा आणायला गाडी काढू लागला.

"थांबा जरा," भाग्यश्री म्हणाली. "दूध हाये. कुडतं भिजून राह्यलं माह्यं. हे पोरगी तोंड लावते अन् मंगच वाकडं करते. तिले चव नाई आवडून राह्यली."

असं म्हणून तिने माझ्यात बोट घातलं आणि जिभेला लावलं. थू करून थुंकली. मग मला सासूसमोर धरलं. "बाई, चाखून पाहा."

इंदिराबाईने चाखलं. उठली, आडोशाच्या दोन्ही बाटल्या उघडून पाहिल्या आणि करंजाची वेगळी काढून ठेवली. भाग्यश्रीने कोमट पाण्याने अंग स्वच्छ पुसलं, स्वतःच्याच दुधाचे थेंब काढून स्तनाग्रांना लावले आणि लेकीला जवळ घेतलं. दिव्यानी अशी चिकटली की सोडेना. धनराजने गाडी पुन्हा स्टँडवर लावली.

इंदिराबाईने मला राखेने घासघासून धुतलं. त्या दिवशी ती मला चुलीमागे टाकून देईल असं वाटलं होतं. तिने मला फळीवर पालथं ठेवलं आणि नंतर कधी उघडलं नाही. कुणी मलम मागायला आलं तर म्हणायची, "आता ट्यूब आणा." मीही धूळ खात पडून राहिले. घरात असून घरातली नव्हते.

आज सकाळी मला पुन्हा खाली काढलं. इंदिराबाईची लेक पुनम बाळंत होऊन माहेरी आली आहे. आत खोलीत ओठ दाबून पाजते आहे. इंदिराबाई मला हातात घेऊन बराच वेळ चुलीपाशी उभी होती. मग भाग्यश्रीकडे गेली.

"पुनमसाठी मलम लागते," ती म्हणाली. "तू बनव. माह्या हातावर माह्याच भरोसा नाई."

भाग्यश्रीने मला घेतलं. "तुमी इथी बसा. मेण किसून द्या मले," ती म्हणाली, आणि सासूपुढे पाट सरकवला.

निखाऱ्यांवर तेल तापतंय. दोघी गप्प आहेत, ढवळताना बोलायचं नाही ना. म्हणून मीही आता गप्प राहते. बायांनो, सावकाश ओता, मला घाई नाही.