खोक्यातला शिक्रा

सासरे कारखान्यात लेथवर कामाला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात खांब रोवला आणि त्यावर पाखरांसाठी दाण्याचं तबक बसवलं. चिमण्या आल्या, मुनिया आल्या, मग होलेही. मुलगा जहाजावर, त्यामुळे घरात सासरे आणि सून दोघंच. बोलणं म्हणजे "चहा ठेवलाय" आणि "बरं."

सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आले, तेव्हा मात्र सुनेला बोलावंच लागलं. ती घरी शिवणकाम करायची आणि उंदरांनी गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटाची बाही कुरतडली होती.

"बाबा, उंदरांचं औषध आणते."

"विष नको. मेलेला उंदीर कोण खाईल सांगता येत नाही."

"मग त्यांनाही पान वाढू का?"

सासऱ्यांनी खांबाला पत्र्याचं उलटं नरसाळं बसवलं, तबकाखाली परात टांगली आणि उरलेले दाणे संध्याकाळी घरात आणू लागले. उंदीर हटले.

मग शिकारी पक्षी आला, शिक्रा. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने होला उचलला. मागे नुसती पिसं. सासऱ्यांचा पारा चढला. काठी घेऊन ते दारात बसू लागले. "दरोडेखोर! हाती लागू दे, मानच मुरगळतो."

एका दुपारी शिवणाच्या खोलीच्या खिडकीवर धाडकन काहीतरी आदळलं. चिमणी निसटली होती. तिच्यामागचा शिक्रा काचेखाली पंख पसरून पडला होता. सुनेने धावत जाऊन त्याच्यावर सुती कापड टाकलं.

"घ्या बाबा. लागला हाती."

सासऱ्यांनी कापडासकट त्याला उचललं. एवढा दरारा, आणि वजन जेमतेम पेरूएवढं! बोटांखाली छाती धडधडत होती.

"बघत काय उभी राहिलीस?" ते सुनेवरच खेकसले. "खोकं आण, झाकणाचं. भोकं पाड त्याला."

अंधाऱ्या खोक्यात शिक्रा पडून राहिला. सासरे बाजूला बसून होते. त्या दिवशी शिवणयंत्र बंदच राहिलं. बऱ्याच वेळाने आतून खरखर ऐकू आली. अंगणात नेऊन झाकण काढलं. शिक्र्याने पिवळ्या डोळ्यांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि छपरावरून निघून गेला.

"आभारसुद्धा मानले नाहीत," सून म्हणाली. सासरे खळखळून हसले. तिने त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

तबक काही दिवस उतरवून ठेवायचं ठरलं. दाणे नसले की पाखरं पांगतील आणि शिक्राही दुसरीकडे जाईल. तेवढ्या दिवसांत सुनेने, पाखरांना काच कळावी म्हणून, चिंध्यांच्या पट्ट्या खिडकीच्या काचेबाहेर जवळजवळ टांगल्या. सासऱ्यांनी खांब उपटून दाट झुडपाजवळ रोवला, म्हणजे पाखरांना पटकन आत शिरता येईल.

तबक पुन्हा चढवल्यावर पाखरं परतली. शिक्राही अधूनमधून येतो. काठी आता कोपऱ्यात असते. सासऱ्यांनी आपली खुर्ची शिवणाच्या खोलीत हलवली आहे, कारण झुडूप तिथून नीट दिसतं. चिमण्या उडाल्या की ते ओरडतात, "अगं, आला बघ!" आणि सून पायाखालचं यंत्र थांबवते.