ज्याच्याविषयी बोलायचे, त्याची खुर्ची

मित्रांनो, वकीलबाईंच्या कचेरीत टेबलापुढे दोन गुबगुबीत खुर्च्या आहेत आणि भिंतीशी एक जुनी लाकडी. ती लाकडी मी. मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "हिच्यावर हत्ती बसवा, कुरकुरायची नाही." हत्ती काही आला नाही. वकीलबाईंच्या वडिलांनी मात्र माझ्यावर बसून तीस वर्षे वकिली केली. "अशी पाठीला आधार देणारी खुर्ची पुन्हा मिळणार नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते गेले, नवे फर्निचर आले आणि माझ्यावर फायलींचा ढीग चढला.

ढिगाखालून दिसत काही नसे, पण ऐकू सगळे येई. इथे लोक मृत्युपत्र करायला येत. आपल्यामागे घरदार कोणाचे, मुलाबाळांना कोण सांभाळणार, हे लिहून ठेवायला. मला एका गोष्टीचे फार कुतूहल होते. ज्यांच्याविषयी एवढे बोलणे चाले, ती माणसे कधीच आत येत नसत. कोणाची अंथरुणाला खिळलेली आई, कोणाची आजारी बहीण. ती दिसत कशी असतील? त्यांना स्वतःला काय हवे असेल?

एके दिवशी किल्ल्या बनवणारे एक काका आले. सोबत त्यांची नर्स असलेली लेक होती. थोरला मुलगा बाहेर बाकावर बसला होता. तो बेचाळीस वर्षांचा होता, पण समज आठ-दहा वर्षांच्या मुलाची.

"घर आणि खालचं दुकान थोरल्याच्या नावावर करा," काका म्हणाले. "म्हणजे त्याला कोणी बाहेर काढणार नाही. बघायला ही आहेच."

"त्यांना आत बोलवा ना," वकीलबाई म्हणाल्या.

"त्याला कशाला? उगाच रडेल."

"बोलवा तरी, काका."

फायली जमिनीवर गेल्या आणि कितीतरी वर्षांनी माझ्यावर माणूस बसला. ताठ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. परीक्षेला बसल्यासारखा.

वकीलबाईंनी एक कोरा कागद पुढे केला. "दादा, इथे सही कराल?"

"हो!" त्याने जीभ बाहेर काढून, झोकात सही ठोकली.

"कागदावर काय लिहिलंय?"

"काहीच नाही."

"मग सही का केलीत?"

"तुम्ही सांगितलंत ना!"

वकीलबाईंनी कागद फाडून टाकला. "काका, उद्या असंच दुसरं कोणी सांगेल."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मग वकीलबाईंनी दुसरा मार्ग सांगितला. घर आणि दुकान विश्वस्तांच्या हाती द्यायचे. एक नव्हे, दोघांच्या. म्हणजे एकाचा पाय घसरला तर दुसरा आवरेल. घर त्याच्या हयातीत विकायचे नाही आणि दुकानाचे उत्पन्न त्याच्यासाठीच वापरायचे. "आणि ताई, तुम्हाला कोणी विचारलंय का?"

लेकीने मान खाली घातली. "माझी परगावी बदली ठरलीय, बाबा. दोन महिने झाले, सांगायचा धीर होत नव्हता. दादाला मी नेईन, टाकणार नाही. पण माझ्या ड्युट्या, दोन लहान मुली..."

तेव्हा वकीलबाई थोरल्याकडे वळल्या. "दादा, बाबा नसतील तेव्हा कुठे राहावंसं वाटतं?"

मला वाटले, आता हा रडणार. तो रडला नाही.

"बाबा आता जिन्यावर तीनदा थांबतात," तो म्हणाला. "आधी थांबायचेच नाहीत. मला माहीत आहे." थोडा वेळ त्याने बोटे मोडली. "मी घरीच राहणार. दुकानात किल्ल्या मी ओळीने लावतो. लहान-मोठ्या, सगळ्या. कारागीरमामांना किल्ली सापडत नाही, मला सापडते. ताईने रविवारी यायचं. मुलींना आणायचं."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मुलगा सगळे ओळखून होता. आपण एक दिवस नसू, हे त्याच्यापासून लपवण्यात बापाची एवढी वर्षे गेली होती.

त्याच्या बोलण्यावरून कागद तयार झाला. वीस वर्षे दुकानात राबलेला कारागीर दुकान चालवणार होता आणि घरी त्याच्या सोबतीलाही राहणार होता. ताई आणि तिचा मामेभाऊ विश्वस्त झाले. शेवटी काकांनी स्वतःच्या हाताने दोन पाने जोडली. त्याला चहा कोमट लागतो, दाढी करताना कोणी घाई करायची नाही, वीज कडाडली की हात धरायचा.

दोन वर्षांनी काका गेले. घर हलले नाही, दुकान उघडे राहिले. लिहिल्याबरहुकूम सगळे चालले आहे ना, हे बघायला वकीलबाई दरवर्षी भावंडांना बोलावतात. तो सरळ येऊन माझ्यावर बसतो. आता माझ्यावर फायली कोणी ठेवत नाही.

परवा वकीलबाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, "दादा, काही बदलायचंय?"

"हो," तो म्हणाला. "ताईला काही झालं तर तिच्या मुलींना कोण बघणार? ते कुठे लिहिलंय?"

ताई हसायला गेली आणि मधेच थांबली. ते कुठेच लिहिलेले नव्हते. वकीलबाईंनी नवा कागद ओढला.

"आधी मुलींना विचारा," तो म्हणाला, "मग लिहा."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला शहाणपण शिकवता येत नाही. पण तुमच्या घरातली मोठी माणसे तुमच्याविषयी दार लावून बोलत असतील, तर दार वाजवा. आणि तुम्ही मोठे झालात की एक खुर्ची रिकामी ठेवा.