डावपेचांची फळी

मित्रांनो, तुम्ही मला हातात घेतलंत तर माझ्या अंगावर कितीही पुसल्या तरी न गेलेल्या निळ्या रेघा दिसतील. बास्केटबॉलच्या एका प्रशिक्षकांची मी डाव आखून दाखवायची जुनी फळी आहे. पांढऱ्या प्लास्टिकवर मैदान छापून मला दुकानात टांगलं होतं, तिथून सरांनी मला उचललं.

बारा वर्षांत सरांनी सहा व्यावसायिक संघ सांभाळले. संघ जिंकला की त्यांचा उदो उदो, हरला की हातात नारळ! मग नवं गाव, नवं घर. सरांच्या पत्नी खोकी सोडता सोडता म्हणत, "अहो, पडदे लावू की राहू दे? काढावेही मलाच लागतात."

एका अंतिम सामन्यात एका खेळाडूने ऐनवेळी स्वतःच्या मनाचंच केलं. रागाच्या भरात सरांनी मला बाकावर आपटलं. माझा कोपरा उडाला. सामना गेला, पाठोपाठ नोकरीही गेली. घरी सरांच्या लेकीने मला चिकटपट्टी लावली आणि विचारलं, "बाबा, हिने काय केलं होतं हो?" सरांनी मला उचलून कपाटात ठेवून दिलं.

पुढची दोन वर्षं मी कपाटात, जुन्या स्वेटरांखाली काढली. मग एका लहानशा कॉलेजातून मुलींच्या संघासाठी विचारणा झाली. सर आढेवेढे घेऊ लागले, तेव्हा पत्नी म्हणाल्या, "जा हो! घरी बसून मला भाजी चिरायला शिकवताय, त्यापेक्षा ते बरं."

त्या मुलींनी तिसऱ्या वर्षी अंतिम फेरी गाठली. आठ सेकंद उरले होते आणि संघ एका गुणाने मागे होता. टाइमआउटमध्ये सरांनी माझ्यावर बाण काढला, थेट कर्णधाराकडे. उंच, सडपातळ म्हणून तिला सगळे 'पेन्सिल' म्हणत, आणि संघातल्या सगळ्यात लहान मुलीला 'धाकटी'.

"सर, मला नको," पेन्सिल म्हणाली. "समोरच्या सगळ्या माझ्याच अंगावर धावून येतील. धाकटीला द्या, ती मोकळी असेल."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, अंगठ्याने बाण पुसला आणि पेन तिच्या हातात दिलं. "तूच काढ."

तिची रेघ वाकडीतिकडी आली. बॉल बरोबर धाकटीकडे गेला, तिने फेकल्यावर रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी हमसून हमसून रडत होती. सर तिच्या शेजारी जमिनीवरच बसले. "अगं, तुझी फेक बरोबरच होती. उद्या हीच वेळ आली, तर बॉल तुझ्याकडेच येणार." इतक्या वर्षांत सरांचा असा आवाज मी प्रथमच ऐकला.

आता सर निवृत्त झालेत, गुडघे धरून चालतात. दुपारी मला मांडीवर घेऊन बाण काढतात आणि पुसतात. मित्रांनो, मला कधी ओल्या फडक्याने पुसलंत तर बरंच वाटेल. पण त्याआधी सरांजवळ घटकाभर बसा आणि नुसतं विचारा, "सर, हा बाण इकडे का वळवलात?"