आधी कुलूप, मग पिशवी

दादाने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. तयार सिस्टीम ढिगाने मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असं सगळे विचारत. तो म्हणे, "घर भाड्याचं असलं तरी स्वयंपाक आपल्या हातचा हवा." दोन वर्षांपूर्वी तो गेला, मागोमाग त्याचा जुनाट कॉम्प्युटरही गेला, आणि धाकट्या बहिणीच्या हाती एक डिस्क उरली. तिच्यात त्याने शेवटच्या आठवड्यात केलेला एक प्रोग्रॅम होता. त्याचं नाव होतं 'धाकटी'.

नव्या कॉम्प्युटरवर सिस्टीम गुमान सुरू होई, पण कुठलाही प्रोग्रॅम उघडायला सांगितला की कोसळे. पडद्यावर एकच ओळ येई: मनाई असलेल्या जागेत लिहिण्याचा प्रयत्न. 'धाकटी'ची फाईल फोडून आतली अक्षरं बघता आली असती. पण बंद पाकीट उजेडात धरून चिठ्ठी वाचण्यातला तो प्रकार. तिला तो प्रोग्रॅम दादाच्याच सिस्टीममध्ये उघडायचा होता. चार महिने दर रविवारी ती त्याच्या कोडशी झटत होती. पोटापाण्यासाठी हेच काम करणाऱ्या बाईला ही गाठ सुटू नये याची तिला लाज वाटे, आणि त्याहून जास्त त्याची आठवण येई.

त्या रविवारी दुपारी मायलेकी आईचा चष्मा आणायला निघाल्या. दाराशी आईने पर्स चाचपली.

"सगळं घेतलंस ना? नाहीतर दादासारखं व्हायचं. आधी कुलूप लावायचा आणि मग म्हणायचा, पिशवी आतच राहिली."

धाकटी हसली आणि हसता हसता थांबली.

"आई, चष्मा उद्या आणू या?"

"का गं?"

"त्याने इथेही तेच केलंय."

प्रोग्रॅम सुरू करताना सिस्टीम मेमरीत जागा करते, प्रोग्रॅम तिथे आणून ठेवते आणि मग त्या जागेवर 'फक्त वाचा' असा पहारा बसवते. दादाने पहारा आधी बसवला होता. जुनं यंत्र भिडस्त, घरच्या सिस्टीमला अडवत नसे. नवं कुणाचीच भीड ठेवत नव्हतं. धाकटीने दोन ओळींची अदलाबदल केली. आई चपला न काढताच खुर्चीमागे उभी राहिली.

'धाकटी' सुरू झाला.

पोचलीस का?

ती नोकरीसाठी परगावी गेल्यापासून प्रत्येक प्रवासानंतर तो हेच विचारी, आणि ही उत्तर द्यायला हटकून विसरे. तिने टाइप केलं, पोचले.

किती गं उशीर.

आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला विचार ना, जेवलास का."

तिने विचारलं. पण प्रोग्रॅम तेवढाच होता, तो कधीच संपला होता. उत्तर सिस्टीमने दिलं: 'जेवलास का' नावाचा प्रोग्रॅम सापडला नाही.

मग तिने 'धाकटी' पुन्हा सुरू केला.

पोचलीस का?