ढेकळं तुडवणाऱ्याचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. माझा उजवा भाऊ शेजारीच असतो, पण तो स्वभावाने शांत. आमच्या जोडीतला सगळा राग माझ्या वाट्याला आला.

इंग्लंडच्या नॉरफोक भागातल्या एका खेड्यात ओबेड नावाच्या चांभाराने आम्हाला शिवलं. गाईचं जाड कातडं, तळाला लोखंडी खिळे, टाचेला नाल. शिवून झाल्यावर ओबेडने मला बाकावर आपटलं आणि म्हणाला, "हा मालकाच्या आधी मरायचा नाही." त्याचं बोलणं खरं ठरलं.

आमचा मालक जेबेझ थर्लो. तो इस्टेटीच्या शेतांत नांगर धरायचा. तिथली माती चिकट. पाऊस झाला की पावलागणिक माझं वजन वाढत जायचं. संध्याकाळी त्याची मुलगी केटुरा आम्हाला काडीने खरवडायची, चरबी चोळायची आणि चुलीपासून जरा लांब ठेवायची. "फार जवळ ठेवले तर कातडं तडकतं, बाबा," ती सांगायची. केटुराला आई नव्हती. घरात ही दोघंच.

आता त्या शब्दाकडे येतो. इंग्रजीत एक जुना शब्द आहे, क्लॉडहॉपर. क्लॉड म्हणजे ढेकूळ, हॉपर म्हणजे उड्या मारणारा. नांगरलेल्या रानात ढेकळावरून ढेकळावर पाय टाकत चालणारा गडी, तो क्लॉडहॉपर. पुढे त्याच्या जड बुटांनाही लोक तेच म्हणू लागले, म्हणजे ते माझंही नाव आहे. अर्थ पाहिलात तर त्यात वाईट काही नाही. पण साहेबलोक तो शब्द नाक मुरडून उच्चारायचे. तुमच्याकडे 'गावंढळ' म्हणतात ना, तसा.

केटुराची शाळा संपली तेव्हा तिथल्या बाईंनी तिला धाकट्या मुलांना शिकवायला ठेवायचं ठरवलं. शाळेवर हुकूम इस्टेटीचे कारभारी मिस्टर क्रेक यांचा. म्हणून जेबेझ तिला घेऊन त्यांच्याकडे गेला. निघताना तिने आम्हाला इतकं घासलं होतं की खिळेसुद्धा चमकत होते.

जेवणाच्या खोलीत क्रेकसाहेब दोन पाहुण्यांबरोबर बसले होते.

"काय रे थर्लो, ही तुझी पोर मुलांना शिकवणार?"

"बाईंनीच सुचवलं, साहेब. वाचन चांगलं आहे तिचं."

"असेल. पण शेवटी क्लॉडहॉपरची पोर. वर्गात उड्या मारत आली म्हणजे?"

पाहुणे हसले. क्रेकसाहेबांनी हातातला काटा माझ्याकडे रोखला. "आणि तो गालिचा सोडून उभा राहा."

जेबेझने मान खाली घातली. त्याची नजर नेमकी माझ्यावर पडली. "बरं साहेब," एवढंच तो म्हणाला.

बाहेर आल्यावर केटुराने विचारलं, "बाबा, तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"आपण राहतो ते घर त्यांच्या ताब्यात आहे, पोरी. बोललो असतो तर आज झोपलो कुठे असतो?"

शाळेतली ती जागा केटुराला मिळाली नाही. ती नॉरिच शहरात मावशीकडे निघून गेली. शिकली, शिक्षिका झाली, तिकडेच तिचं लग्न झालं. इकडे आम्हाला चरबी लावणारं कुणी उरलं नाही. माझं कातडं तडकलं, नाल झिजली. जेबेझने दोनदा नवे तळ ठोकून घेतले, पण प्रेमाने हात फिरवला नाही. शेतात मोठं ढेकूळ दिसलं की तो थांबायचा आणि माझ्या टाचेने त्याचा पार भुगा करायचा. ते ढेकूळ कोण होतं, हे मला ठाऊक होतं. मीही जीव लावून टाच मारायचो.

काही वर्षांनी नवा कायदा आला. गावाचा कारभार गावकऱ्यांनी निवडलेली माणसं पाहणार होती, आणि मजुरांनाही मत होतं. निवडणूक शाळेतच ठेवली. अध्यक्षाच्या खुर्चीत अर्थातच क्रेकसाहेब; ते स्वतःही उमेदवार होते. उमेदवारांची नावं लिहून घेताना ते म्हणाले, "थर्लो, तूसुद्धा? बरं, धंदा काय लिहू? शेतमजूर?"

"क्लॉडहॉपर लिहा, साहेब."

क्रेकसाहेबांची लेखणी थांबली.

"चेष्टा करतोस?"

"नाही. ते नाव तुम्हीच दिलंय. मागे माझा नांगरावरचा सोबती सायलस बसलाय, तोही उभा आहे. त्याचंही तेच लिहा."

मागे बसलेल्या मजुरांनी जमिनीवर बूट आपटायला सुरुवात केली. मित्रांनो, खिळ्यांचा तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. मग हात वर करून मतं झाली. जेबेझ निवडून आला, सायलस आला. क्रेकसाहेब पडले.

लोकांना वाटलं, जेबेझ आता घरं किंवा विहिरीचं बोलेल. त्याने पहिल्याच बैठकीत एका पायवाटेचा विषय काढला. गावाची ती जुनी वाट क्रेकसाहेबांच्या हिरवळीवरून, थेट त्यांच्या जेवणाच्या खिडकीखालून जायची. त्यांनी कुंपण घालून ती बंद केली होती. बैठकीत ती खुली करायचं ठरलं. कुंपण हटलं.

त्यानंतर दर रविवारी, साहेब जेवायला बसले की गावातले नांगर धरणारे सगळे गडी त्या वाटेने जायचे. कुणी बोलायचं नाही, कुणी हसायचं नाही. जेबेझ आधी मुद्दाम ओल्या रानात एक चक्कर मारून यायचा, म्हणजे मला चांगला चिखल लागावा. खिडकीशी आला की पाऊल संथ टाकायचा. आत काटेचमचे थांबायचे. पडदा ओढला जायचा. हिरवळीची पार वाट लागली. त्या दिवसांइतका सुखी मी कधीच नव्हतो.

एका रविवारी केटुरा अचानक आली. घरात कुणी नाही म्हणून शोधत त्या वाटेवर पोचली. सगळं पाहिलं. मग जेबेझच्या बाजूने चालू लागली.

"दर रविवारी येता इथे?"

"एकही चुकवला नाही," जेबेझ अभिमानाने म्हणाला. "तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नाही, बाबा. नॉरिचला सकाळची गाडी जाते आणि संध्याकाळी परत येते. माझा धाकटा चालायला लागला. तुम्ही त्याला अजून पाहिलंच नाहीत."

जेबेझ थांबला. ऐन खिडकीखाली, पण खिडकीकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"तुला राग नाही आला त्या माणसाचा?"

"आला होता. आता माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. त्याला कुठे जागा?"

पुढच्या रविवारी जेबेझने ओबेडकडून चरबी आणली, आम्हाला घासून पुसून घेतलं आणि गाडीत बसला. निघताना सायलसला म्हणाला, "मी नाही येत. पण तुम्ही चालत राहा. वाट बंद पडू देऊ नका."

नॉरिचला नातवाने आधी माझ्याच नाडीला हात घातला.

पुढे जेबेझ वारला, तेव्हा केटुरा आम्हाला आपल्या घरी घेऊन आली. ती आम्हाला चरबी लावते, चुलीपासून लांब ठेवते. मित्रांनो, तुमच्या घरातल्या कष्टाच्या बुटांनाही एवढं मिळू द्या. फार लागत नाही. आणि तो जुना शब्द कधी वापरावासा वाटलाच, तर खुशाल वापरा, पण पोटभर जेवल्यावर नको. भुकेल्या पोटी वापरा, म्हणजे ढेकळं कुणी फोडली ते आठवेल.

जेबेझने क्रेकसाहेबांवरचा राग सोडून दिला. मी नाही सोडला. कुणी मला पायात घालून त्या वाटेवर नेलं, तर मी आजही ओल्या रानातूनच जाईन.