सोनचाफ्याला पाणी

दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीच्या परसबाग मंडळाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि मे महिन्यात संपायचं. उरलेले महिने म्हणजे नुसती भट्टी, त्यात झाडांनी जगायचं की माणसांनी हाच प्रश्न. ऑक्टोबरात बियांची देवाणघेवाण, थंडीत मेथी-पालकाची मिजास, जानेवारीत कुणाच्या तरी अंगणात भाजीचं प्रदर्शन आणि तिथे वांग्याच्या पहिल्या नंबरावरून ठरलेला रुसवाफुगवा. मग रुसलेल्यांना मनवायला मिसळ. पट्टीचे इंजिनियर वांग्यासाठी आठवडा आठवडा अबोला धरायचे, हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही.

मंडळात घरं बरीच होती, पण गाडा ओढणारी मोजकी. सुचित्रा आणि तिचा नवरा सदानंद, मूळचे नाशिकचे. शेजारची बिलकिस, रत्नागिरीची. दोन गल्ल्या पलीकडची गार्गी, पुण्याची, वयाने लहान म्हणून सुचित्राला मावशी म्हणणारी. आणि बीडकडचा पोपटराव. तो एका कंपनीत ड्रायव्हर होता, बायकामुलं गावी. उत्तरेला अल रुवैस गावाच्या वाटेवरच्या एका मळ्यातून तो शेळ्यांचं लेंडीखत आणायचा. पोती आली की सगळी शिकलेली मंडळी नाकाला रुमाल लावून त्याच्या गाडीभोवती जमायची आणि आपल्या वाटणीसाठी हमरीतुमरीवर यायची.

मंडळाच्या दोन रीती होत्या. एक उन्हाळ्याच्या पाळीची. सुट्टीत जो तो भारतात जायचा, तेव्हा मागे राहिलेल्यांनी आठवडे वाटून घ्यायचे आणि गेलेल्यांच्या झाडांना पाणी घालायचं. मागच्या गेटची किल्ली मीटरच्या पेटीत ठेवलेली असायची. पण बारभाईंची खेती, काय लागणार हाती! दरवर्षी कुणाची तरी पाळी चुकायची आणि सप्टेंबरात परतलेल्या बायका वाळलेल्या तुळशीपुढे उभ्या राहून एकमेकींकडे बघायच्या.

दुसरी रीत जास्त गोड आणि जास्त वाईट. जो दोहा कायमचं सोडून जाई, त्याने आपली झाडं मंडळात वाटायची आणि ते झाड पुढे त्याच्याच नावाने ओळखलं जायचं. सुचित्राच्या अंगणात मीनाचा मोगरा होता आणि शहाजीरावांची कढीलिंबाची कुंडी होती. मीना कधीच नागपूरला गेली, शहाजीराव कुठे आहेत कुणाला ठाऊक नव्हतं, पण आमटीला फोडणी देताना सुचित्रा बिलकिसला सहज म्हणायची, "जरा शहाजीरावांची चार पानं आण गं."

सदानंदचं सगळं लक्ष मात्र एका सोनचाफ्यावर. एका नर्सरीत मरायला टेकलेलं ते कलम त्याने उचलून आणलं, अर्ध्या पिंपात लावलं, वर हिरवी जाळी बांधली आणि चार वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं. फूल काही येईना. मंडळाने त्याची यथेच्छ टर उडवली. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर फुटबॉलच्या वर्ल्ड कपला उरलेले दिवस दाखवणारं घड्याळ लागलं, तेव्हा सदानंदने भर मिसळीत पैज मारली.

"पहिल्या मॅचच्या आत माझा चाफा फुलणार."

"स्टेडियमं झाली बांधून, मेट्रो झाली," गार्गी म्हणाली, "तुमचंच काम तेवढं मागे पडलंय, काका."

पुढच्या मे महिन्यात चाफ्याला पहिली कळी आली. सदानंदने घराघरात जाऊन लोकांना ती बघायला बोलावलं. पुढच्याच आठवड्यात बांधकामाच्या साइटवर त्याच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचायच्या आत सगळं खलास झालं.

कागदपत्रांची धावपळ मंडळानेच केली. शवपेटीबरोबर सुचित्रा नाशिकला निघाली तेव्हा विमानतळावर बिलकिसने तिचे दोन्ही हात धरले. "झाडांची फिकीर करू नको. चाफा माझ्यावर सोड." सुचित्राच्या डोळ्यांत त्या वेळी पाणीसुद्धा आलं नाही. तिने नुसती मान हलवली.

उन्हाळाभर ती पुण्याला मुलाकडे, कैवल्यकडे राहिली. नातेवाईक यायचे, जाणाऱ्याचं सोनं झालं म्हणायचे. तिला राग यायचा. सोनं कसलं? बावीस वर्षं त्या माणसाने दोह्यात घाम गाळला आणि तिथल्या कुठल्याही दगडावर त्याचं नाव राहणार नव्हतं. राहिलं तर एकच गोष्ट राहणार होती. चाफा आपल्या हाताने बिलकिसच्या अंगणात नेऊन ठेवायचा, म्हणजे पुढे कधीतरी, त्याला न पाहिलेली एखादी बाईसुद्धा म्हणेल, "हा सदानंदचा चाफा." एवढ्याचसाठी तिला परत जायचं होतं. बिलकिसचे फोन यायचे. कळी गळाली, असं तिने जूनमध्येच सांगितलं होतं, पण झाड आहे, म्हणाली होती. पुढे ती चाफ्याचं बोलणं टाळू लागली, आणि सुचित्रानेही विचारलं नाही.

ऑक्टोबर लागताच ती घर आवरायला आली. तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा, कंपनीने तो कसाबसा या महिन्यापर्यंत लांबवला होता. घरमालकालाही मॅच बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी व्हिला रिकामा हवा होता. तो सभ्यपणे बोलला, पण तारीख देऊनच गेला.

सकाळी उजाडताच ती मागच्या अंगणात गेली. मोगरा जगला होता, कढीलिंब तर माजला होता. चाफ्याचा नुसता खराटा उभा होता. तिने नखाने साल खरवडली. आत तपकिरी. बुंध्याशी जरा हलवलं तर अख्खं झाड मुळांसकट हातात आलं. मुळं काळी पडली होती, लिबलिबीत झाली होती आणि त्यांना गटारासारखा वास येत होता.

म्हणजे पाणी. तहानेने नव्हे, पाण्यात बुडून मेलं होतं. पिंपाखाली कुणीतरी मोठी परात ठेवलेली होती, तीही काठोकाठ भरलेली. जिथे थेंबाथेंबासाठी झाडं जीव टाकतात, तिथे हे झाड पाणी पिऊन पिऊन मेलं! सुचित्राच्या डोक्यात तिडीक गेली. ज्याने हे केलं त्याला उभा आडवा सोलून काढायचं तिने ठरवलं. मग तिने झाड परत मातीत खोचलं, कारण फेकवलं नाही.

दुपारी गार्गी डबा घेऊन आली. खराट्याकडे बघून तिचे डोळे भरले.

"मावशी, मी रोज सकाळी ऑफिसला जाता जाता यायचे हो. पाळीचं काही खरं नाही, माहितीये ना तुम्हाला. म्हटलं, बाकीचं काहीही वाळो, काकांचं झाड नाही वाळू द्यायचं. कुणाला सांगितलंसुद्धा नाही."

सुचित्राने तिच्या हातातला डबा घेतला आणि तिलाही जेवायला बसवलं. रोज सकाळी एकदा, एवढ्याने काही बुडत नाही.

संध्याकाळी बिलकिस आली. तिने खराट्याच्या काटक्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी तुला जबान दिली होती गं. दिवस कलला की असरच्या नमाजानंतर रोज येत होते, एक दिवस चुकवला नाही. पानं मान टाकायला लागली, तशी मी पाणी वाढवलं. खाली परात ठेवली, की पाणी वाहून जायला नको. अल्ला जाणे काय कमी पडलं."

काय कमी पडलं! मुळं कुजली की झाड तहानेल्यासारखंच मान टाकतं, हे बिलकिसला एरवी झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या झाडापुढे उभं राहिल्यावर तिच्यातली माळीण कुठे जागेवर होती? सुचित्राने तिला चहा करून दिला.

आणि दुसऱ्या दिवशी पोपटराव खोकी बांधू लागायला आला. टेप ओढता ओढता खाली बघूनच म्हणाला, "वहिनी, म्या बी यायचो. ड्यूटी सुटली की. टाकीचं पाणी म्हंजी निस्तं उकळतंय उन्हाळ्यात, मुळं भाजतील म्हनून प्यायच्या पान्याचे क्यान आनून वतायचो. साहेबांनी मला कधी ड्रायव्हर म्हनून वागवलं न्हाई. मला तेवढंच करता येत हुतं." आणि तो बाप्या माणूस टेपचं बंडल हातात धरून हुंदके देऊ लागला.

आता कुणाला सोलून काढायचं? सकाळी एक, संध्याकाळी एक, रात्री एक. एकालाही दुसऱ्याचा पत्ता नाही, आणि एकाचाही दुसऱ्यावर भरवसा नाही. कोरड्या पाळीने मंडळाची इतकी झाडं मारली होती की या एका झाडाला जो तो जिवापाड जपायला धावला होता. खरं सांगितलं तर तिघंही जन्मभर आपल्याच हातांकडे बघत बसतील. सुचित्राने पोपटरावाला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्ही केलंत ते पुष्कळ केलंत."

शुक्रवारी वाटणी झाली. सगळं मंडळ आलं. मीनाचा मोगरा गार्गीला गेला, कढीलिंब पोपटरावाला, त्याच्या मालकाच्या बागेत लावायला. मग सगळे चाफ्यापाशी आले. बिलकिसला राहवेना.

"पोपटराव, मघाशी म्हणालात, तुम्हीही इकडे येत होतात? किती पाणी घालत..."

"यंदाचा उन्हाळाच तसला होता!" सुचित्रा एवढ्या मोठ्याने बोलली की सगळे दचकले. "कैवल्यने मला पेपरातलं वाचून दाखवलं. असं ऊन कित्येक वर्षांत पडलं नव्हतं. चाफा तो, नाजूक जात. कुणी काही केलं असतं तरी वाचला नसता. बिलकिस, ती जास्वंद उचल, ती तुझी."

"ऊनच वंगाळ, वहिनी," पोपटराव म्हणाला.

गार्गीने मान डोलावली. बिलकिसने डोळे पुसले आणि जास्वंदीची कुंडी उचलून छातीशी धरली. मग चहा झाला, बटाटेवडे झाले, कुणीतरी सदानंदच्या पैजेची आठवण काढली आणि सगळे रडता रडता हसले. सुचित्राही हसली. ज्यांना धीर द्यायचा होता त्यांना तिने भरपूर धीर दिला.

दिवेलागणीला शेवटची गाडी गेली. पोपटरावाने निघताना अंधुक उजेडात चाफ्याचं पिंपच कचऱ्याच्या पेटीत उपडं केलं होतं, त्यामुळे मुळं कुणाच्या नजरेस पडली नाहीत. मेलेल्या झाडाची माती ठेवायची नसते. सुचित्रा एकटीच हॉलमध्ये बांधलेल्या खोक्यावर बसली. तिघांनी मिळून प्रेमाने एक झाड बुडवलं, आणि तिघांनाही ते ठाऊक नाही. ही गोष्ट कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. बिलकिसला नाही, मुलाला नाही, पुण्यातल्या कुणाला तर नाहीच.

"अहो, ऐका तर खरं, तुमच्या चाफ्याची काय गंमत झाली," ती मोठ्याने बोलून गेली.

आतून ओ आली नाही. ती येईल अशी तिने क्षणभर वाट पाहिली. मग मे महिन्यापासून पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.