सात वेळा उठणारी मुलगी

मी शार्पनर बोलतोय. खिशातला टीचभर नव्हे, तिसरीच्या वर्गात दाराशेजारी भिंतीवर बसवलेला, दांडा फिरवायचा. मला भयंकर राग आलाय, आणि आज मी तो गिळणार नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या या शाळेत. एकोणीस वर्षं झाली. निम्मी पोरं माझ्याकडे टोक काढायला येतच नाहीत, पाय मोकळे करायला येतात. येऊ देत, माझं काय जातं?

टॅलुला पिटमन मात्र वेगळी. आठ वर्षांची. गणिताचा कागद हातात पडला की पाच मिनिटांत फडशा. पुढे काय? काही नाही. हॅवर्टी बाई म्हणायच्या, "बस गप्प." मग ती चांगलं टोक मुद्दाम मोडायची आणि माझ्याकडे यायची. दांडा फिरवत पुटपुटायची, एका पेन्सिलीला इतके वेढे, तर बावीस पेन्सिलींना किती? उत्तर बिनचूक असायचं. मीच मोजत होतो ना!

शाळेत हुशार मुलांचा वेगळा वर्ग आहे. त्याच्या परीक्षेला बसायला बाईंची शिफारस लागते. हॅवर्टी बाईंनी माझ्या शेजारी एक कागद चिकटवला आणि टॅलुला उठली की वेळ टिपायला लागल्या. आठवड्याअखेर शेरा मारला : "दिवसातून सात वेळा उठते. लक्ष नाही. शिफारस नाही."

तिची आई वर्नेल शाळेच्याच स्वयंपाकघरात कामाला. शाळा सुटल्यावर ती केसांवरची जाळी न काढताच वर्गात आली. मुख्याध्यापक लॅशली सरांनाही तिने हाताला धरून आणलं होतं.

"बाई, कागद संपला की पोरं कोपऱ्यात वेळ लिहितात ना? काढा माझ्या पोरीचे कागद."

तिने एकेक कागद माझ्या शेजारच्या यादीला लावून दाखवला. "नऊ वाजून दहाला गणितं संपली. नऊ अकराला उठली, एका मिनिटात. हे बघा, अकरा वीस, अकरा एकवीस. एक तरी उत्तर चुकलंय?"

लॅशली सरांनी चष्मा वर केला. "नाही हो."

"पण तिला बसवत नाही," बाई म्हणाल्या. "तिथे शिस्त लागते."

"नुसतं बसायचंच बक्षीस असेल तर माझ्या बटाट्यांना द्या! दिवसभर जागचे हलत नाहीत."

सर हसले. बाई हसल्या नाहीत, पण शिफारशीवर सही करावी लागली. वा रे वर्नेल! मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय! दुसऱ्याच दिवशी बाईंनी माझा दांडा काढून कपाटात ठेवला. "परीक्षेपर्यंत कुणी उठायचं नाही. टॅलुला, सगळ्यांबरोबर चालायला शीक."

पोर शिकली. हुशारच ती! एक गणित करायची आणि पेन्सिल खाली ठेवायची. शेजारच्याने पान उलटलं की मगच स्वतःचं उलटायची. बाई खूश. "बघा, किती सुधारली." मी भिंतीवर नुसता जळफळत होतो.

परीक्षा याच वर्गात झाली. चार पानं, आपापली उलटायची, असं सांगितलंही होतं. टॅलुलाने पहिलं पान केलं आणि हाताची घडी घालून बसली. शेजारचा पोरगा वेळ संपेपर्यंत पहिल्याच पानावर अडकला होता. अगं उलट! उलट की पान! पण माझं ऐकतं कोण?

निकाल आला. पहिलं पान सगळं बरोबर, बाकी तीन कोरी. वर्नेल धावत आली.

"बाळा, पुढचं येत नव्हतं का गं?"

"येत होतं. पण बाकीच्यांचं व्हायचं होतं ना? मी शहाण्यासारखी थांबले, मम्मा."

वर्नेल पोरीच्या चिमुकल्या खुर्चीवर बसली. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी? अहो सर, मला खुशाल भंगारात टाका. विजेचा नवा आणा, मी हूं की चूं करणार नाही. पण तो पेपर तिला परत द्या, आजच. ती आठच वर्षांची आहे. थांबायची सवय अजून हाडात मुरलेली नाही.